जुन्या मिक्सरचा कपलर

कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळलेल्या संकर्षणरावांनी सत्तरीत थ्रीडी प्रिंटिंगचा क्लास लावला, तो घरच्या जुन्या मिक्सरपायी. जारखालचा प्लास्टिकचा कपलर तुटला होता आणि तसला आता म्हैसूरभर मिळत नव्हता.

"अय्यो, नवा मिक्सर घ्या की हो," त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाई म्हणाल्या. बायकोनं नवा नवरा मागितल्यासारखं रावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मग घरी प्रिंटरच आला. सकाळी लॅपटॉपवर सगळं जुळवून राव बन्नीमंटपाकडे फिरायला जात. बटण दाबायचं काम तेवढं बाईंकडे. कपलर असा देखणा निघे, की राव तो खिशात घालून मित्रांना दाखवत. पण डोशाची चटणी वाटायला घेतली की कटकन मोडे. तिसराही मोडला, तेव्हा क्लासमध्ये शिकवणारी पूजिता स्वतः घरी आली. तिनं तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"अंकल, हा आतून पोकळ आहे."

"शक्यच नाही! मी भरीवच ठेवला होता. हे प्लास्टिकच बोगस!" राव कडाडले, आणि पिशवी उचलून तडक नवा मिक्सर आणायला निघाले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पूजिता दारातून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आंटी, बटण दाबायच्या आधी लॅपटॉपवर भरीवचं पोकळ करायचं तुम्हाला शिकवलं कुणी?"



"यांनीच! रोज जेवताना तुझा अख्खा धडा मला म्हणून दाखवतात. त्यांना वाटतं, मी नुसती वाढते."