एकांताचा प्रश्न

दुपारी जेवणं झाल्यावर निशिकांतने खोलीच्या दाराला कडी लावली, तेव्हा शर्वरीच्या छातीत धडधडलं. अपघातात मेंदूला मार बसल्यापासून नवऱ्याने तिला पहिल्यांदाच जवळ ओढलं होतं. तिच्या गळ्याशी तोंड नेत तो मायेने म्हणाला, "सूनबाई, किती गं राबतेस."

शर्वरीला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "काय म्हणालास?"

"सूनबाई." त्याचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. "जरा अंगाने भरलीस हं. आता एक मूल होऊ दे."

घरात तिला अशी हाक फक्त सासूबाई मारत. सूरही हुबेहूब त्यांचाच. तिने त्याचा हात झटकला.

मग तिला आठवलं. त्याच्या पुसल्या गेलेल्या आठवणी भरून काढायला दवाखान्यातलं यंत्र घरच्यांचं बोलणं ऐकून घ्यायचं. ‘एकांतात तुम्ही दोघं कसे असता?’ असं यंत्राने विचारलं, तेव्हा सासूबाई शेजारीच बसलेल्या. लाजेपायी शर्वरी चहा आणते म्हणून उठली. तिच्या मागे सासूबाईंनी आपण स्वतः सुनेशी कसं बोलतो ते सांगितलं, आणि यंत्राने तेच नवराबायकोचं बोलणं म्हणून त्याच्या डोक्यात भरलं.

निशिकांत भांबावून बघत होता. "माझं काही चुकलं का, सूनबाई?"

ती कडी काढून बाहेर आली. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"आई, उद्या यंत्राला पुन्हा सगळं सांगायचंय, आमचं रात्रीचंसुद्धा. मी सांगणार आहे. या वेळी चहा आणायला तुम्ही उठा."