निरोप्याचा प्रवेश

लाखांदूरहून निघालेल्या एसटीत श्रावणनं वाक्य पाठ केलं होतं. भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरला आणि ते पार उडून गेलं. नाटकातला माणूस, रात्ररात्र संवाद म्हणणारा, पण हे एवढंसं वाक्य काही त्याच्या तोंडात टिकेना.

कुंदन गेला होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक पहाटे सुटलं, कुंदन आपल्या मोटारसायकलवर पुढे निघाला आणि धानाच्या पोत्यांनी भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. बाकीची मंडळी दवाखान्यात थांबली. तू त्याचा लहानपणचा दोस्त, तूच घरी जा, असं सगळ्यांनी मिळून श्रावणला सांगितलं. दुपारी ते कुंदनला घेऊन येणार होते. त्याआधी आईबापाला कळायला हवं होतं.

गल्लीत कुंदनच्या वडिलांचा, गोपाळरावांचा हातमाग या वेळी खटखटत असतो. आज तो बंद होता. समोरच्या ओट्यावर शेजारची चंद्रकांताबाई नुसतीच बसली होती, हातात काही काम नाही. श्रावणला पाहून तिनं मान खाली घातली. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. पोटात एवढं घेऊन चाललेल्या माणसाला दुसऱ्याचं काय दिसणार?

गोपाळराव मागाजवळच्या बाजेवर बसले होते. धंदा विणायचा, पण झाडीपट्टीत त्यांचं नाव होतं ते नाटकं लिहिणारा माणूस म्हणून. कुंदन त्यांच्याच नाटकांत काम करत मोठा झाला.

"ये रे श्रावण. बस."

"काकाजी, फोन लागून नाही राहिला तुमचा."

"पाण्यात पडला."

फोन खिडकीत होता, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. बरंच झालं, श्रावणला वाटलं. दुसऱ्या कोणाकडून कळलं तरी नाही.

"कोण आलं वो?" आतून राधाबाईनं विचारलं.

श्रावणनं तोंड उघडायच्या आत गोपाळरावच बोलले. "श्रावण आहे. कुंदन मागून येऊन राहिला. तू जेवून घे, कुंदनची माय."

"तो आला की जेवतो ना मी."

कुंदन नाटकाला गेला की राधाबाई घास घ्यायची नाही. पोरगा परत आला, डोळ्यानं पाहिला, की मगच ताटावर बसायची. साखरेचा आजार लागला, डॉक्टर रागावले, तरी हा नेम सुटला नव्हता. आणि इकडे बाप धरूनच चालला होता की पोरगा मागून येतोय. आता यांना कोणत्या तोंडानं सांगावं?

मग त्याला सुचू नये ते सुचलं.

"काकाजी, एक नाटक लिहून राहिलो. तिसऱ्या अंकात अडकलो."

"कुठं अडकला?"

"निरोप्याचा प्रवेश आहे. एका घरचा पोरगा मेला. त्याचा दोस्त घरी सांगायले येते, अन् त्याच्या तोंडून शब्दच निघत नाही. कसं लिहावं?"

गोपाळरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते मागावरचं सूत बोटांनी सारखं करू लागले.

"संवाद मागून. आधी हे ठरव, घरात कोणाले काय ठाऊक आहे. प्रवेश त्याच्यावर उभा राहते."

"कोणालेच काही ठाऊक नाही. माय आहे, बाप आहे."

"माय काय करून राहिली?"

"वाट पाहून राहिली पोराची."

"जेवली का ती?"

श्रावण गडबडला. "ते नाही लिहिलं मी."

"तेच लिही आधी. उपाशी बाईले असं सांगतेत का? एकदा ऐकलं की मग ती किती दिवस अन्नाले शिवणार नाही, काय भरवसा? दोन घास जाऊ दे पोटात. औषध घेऊ दे. शेजारची एखादी बाई जवळपास बसवून ठेव, धरायले. मग बोलू दे दोस्ताले."

"अन् बाप?"

"बापाचं काय?" सुताचा धागा त्यांच्या बोटात तुटला. "बापाले ते वाक्य देऊ नको. मी आजवर बापांच्या तोंडी लंबे लंबे संवाद घातले. सारे खोटे होते. बापाच्यानं नाही बोलवत."

ज्याचं घर बुडालं त्यालाच आपण हे विचारून राहिलो, या विचारानं श्रावणला स्वतःची लाज वाटली. "पण ती पोरगा आल्याबिगर जेवतच नाही, काकाजी."

"तर दोस्तानं तिच्यासंगं बसावं. पाहुणा उपाशी आहे म्हटल्यावर ती ताट वाढते, अन् आग्रह केला तर स्वतःही बसते." त्यांनी आत आवाज दिला, "कुंदनची माय, श्रावण रातपासून उपाशी आहे. तू बसली तरच खाईन म्हणते."

राधाबाईनं कुरकुर करत दोन ताटं वाढली. भात, वरण आणि कुंदनसाठी केलेली पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी.

"काल टाळ्या पडल्या का रे त्याले?"

"लय पडल्या, काकू."

हे तरी खरं होतं. राधाबाई हसली आणि जेवू लागली. श्रावणही एकेक घास गिळत राहिला. गोपाळराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. राधाबाईनं शेवटचा घास घेतला, गोळी घेतली, तोवर ते तिथून हलले नाहीत.

"तुम्ही नाही बसत?" तिनं विचारलं.

"मले भूक नाही."

ती हात धुऊन पदराला पुसत बाहेर आली. गोपाळरावांनी तिला बाजेवर शेजारी बसवलं आणि तिचा ओला हात आपल्या हातात घेतला. चंद्रकांताबाई ओट्यावरून उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"जेवली ती," श्रावणकडे न पाहता गोपाळराव म्हणाले. "पहाटे दवाखान्यातून फोन आला तवापासून मी तुझीच वाट पाहून राहिलो होतो. सांग आता."