भुसा भरलेलं रेडकू

‘कृत्रिम बुद्धिमत्तेला मेंदूची हुबेहूब नक्कल लागत नाही’ या माझ्या प्रबंधातल्या वाक्याशेजारी सरांनी लाल पेनानं लिहिलं होतं: ‘सिद्ध कर, नाहीतर खोड.’ चिडूनच गिरडला घरी आले. गोठ्यात आई मेलेल्या रेडकाचं भुसा भरलेलं कातडं म्हशीपुढे ठेवत होती. कान तेच, केस तेच. पण म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं, पान्हा सोडला नाही. “आता वो, माय?” मी विचारलं. आईनं कातडं बाजूला सारलं, तळवा ओला केला आणि रेडकू देतं तशा कासेला ढुशा दिल्या. बादलीत धार वाजली. “तिले कातडं नाई, ढुशी पाह्यजे,” आई म्हणाली. माझ्या वाक्याला पुरावा मिळाला: रूप हुबेहूब नको, काम जुळलं की पुरे. तेवढ्यात म्हैस रेडकाच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहून हंबरली. मी वाक्य खोडलं नाही. खाली दुसरं जोडलं: ‘मात्र दूध निघालं म्हणजे रेडकू परत आलं, असा माझा दावा नाही.’