वक्त्यांचा परिचय

"मी फार वेळ घेणार नाही," असं कमलाकर माइकवर तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा त्यांच्या मुलीने, वरदाने, पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

लंडनच्या एजवेअरमधला तो चर्च हॉल मराठी मंडळाला पाचपर्यंतच मिळाला होता. नंतर योगावाल्या बायका. व्याख्यान वरदाचं, ती जुन्या भाषांची अभ्यासक; विषय सत्तेसाठीचा एक जुना आयरिश शब्द. तो आला कुठून, बदलला कसा. इतकी वर्षं मंडळातला प्रत्येकजण तिला विचारायचा, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" एकदा तरी नीट मराठीतून सांगायचं म्हणून पोरीने आईसमोर बसून भाषण घोटलं होतं. जन्म इथला, 'ळ' म्हणताना अजून जीभ अडखळते, शब्दांची लिंगंही चुकतात. तरी घोटलं.

पण आधी दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत. मग शाल, श्रीफळ, आणि सगळ्या कमिटीसोबत फोटो. मग वक्त्यांचा परिचय, तो अध्यक्ष म्हणून वडिलांनीच करायचा, आणि तोही वरदाच्या पहिल्या दातापासून!

"आणि हे सगळं मूळ आपल्याच संस्कृतातलं बरं का! आपला राजन्, तोच त्या आयरिश लोकांचा राजा, 'री'!" टाळ्या पडल्या.

"बाबा, ते दोन शब्द कझिन्स आहेत, एकातून दुसरा नाही आला. आणि माझी शब्द ती नाहीच," वरदा कळवळून म्हणाली.

"सांगशील गं, घाई काय आहे?"

मागे वरदाच्या आईने, वैजयंतीने, चहाचं पातेलं आपटलं. "अहो, बोलू द्या ना तिला!"

अखेर माइक मिळाला तेव्हा दाराशी बायका चटया घेऊन उभ्या होत्या.

"नमस्कार. माझा शब्द आहे 'फ्लाह'. आधी त्याचा अर्थ होता नुसती सत्ता, आणि तो स्त्रीलिंगी होता. मग सत्तेवर बसणाऱ्यालाच लोक फ्लाह म्हणायला लागले, आणि हळूहळू तो पुल्लिंगी झाला. हे कसं झालं, तर..."

"वा!" कमलाकरांनी माइक काढून घेतला. "वेळेअभावी इथंच थांबू या. आता आभारप्रदर्शन."

आभार मात्र सगळ्यांचे मानले गेले. हॉलची किल्ली आणणाऱ्याचेसुद्धा.

गाडीत वरदा रडायच्या बेतात होती. वैजयंती नवऱ्याकडे बघतही नव्हती. कमलाकर खुशीत गाडी चालवत होते.

"छान बोललीस हं," ते म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी जरा मोठं भाषण तयार कर. फारच लवकर संपलं."