फवारणीचा डगला

"घरी जाताना अंगावर कोणते कपडे असतात?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"फवारणीचे नसतात," तो म्हणाला. "हातमोजे हातात असतानाच धुतो, मग काढतो. डगला, बूट, मास्क शेडवरच राहतात. आंघोळ तिथंच. मग घर."

तो फुलांच्या हरितगृहात कीटकनाशक फवारायचा. खाटेवर त्याची तान्ही मुलगी होती. लाळ गळत होती, हातपाय थरथरत होते. अंगात कीटकनाशक गेलंय, असं तपासणीत आलं होतं. याआधी दोनदा ती इथं बरी झाली आणि घरी जाऊन पुन्हा आजारी पडली. या वेळी इथंही उतार नव्हता.

"एवढं सोवळं पाळता, मग पोरीच्या अंगात गेलं कुठून?" बायको म्हणाली.

"मागच्या वेळी ती घरी आल्यावर आठवडाभर शेडवरच झोपलो ना मी? बोटसुद्धा लावलं नाही तिला."

बायकोनं पोरीची लाळ पुसली. त्याची म्हातारी आई नातीच्या अंगावर दुपटं सारखं करत होती. तिचे हात अलीकडे कापायचे. वय झालं, असं सगळेच म्हणत.

"कधी अंगावर सांडलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदाच. कॅन फुटला, अख्खा डगला भिजला. असा डगला धुवायचा नाही, कुणी परत घालू नये म्हणून कापून टाकायचा, असा नियम आहे. मी त्याचे तुकडे केले, पिशवीत बांधून शेडमागे ठेवले. दुसऱ्या दिवशी पिशवी तिथं नव्हती, कचऱ्याच्या गाडीनं नेली असणार."

डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची कुठं चूक दिसत नाही."

तो भिंतीला टेकला. चूक सापडली असती, तर सुधारता तरी आली असती.

सिस्टर सलाईन बदलायला आली. पोरीनं दुपट्याचा कोपरा तोंडात धरला होता. सिस्टरनं तो सोडवून पाहिला, पोर रडायला लागली.

"राहू दे गं," आजी म्हणाली. "तो चोखल्याशिवाय झोपत नाही ती. म्हणून तर या वेळी घरून आणलं."

"छान जाड आहे. तुम्ही शिवलंत?"

"मग काय, विकतचं आहे होय?" आजी बऱ्याच दिवसांनी हसली. "वरून जुनी मऊ चादर, आत जाड कापडाचे थर. कात्रीसुद्धा लावावी लागली नाही बघ. याला शेडवर डबा द्यायला गेले, तर शेडमागं एका पिशवीत तुकडे आयतेच मिळाले."