कोंबडीचं दूध

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी संशोधिकेपुढे अहवाल सरकवून सही मागितली. गाय, म्हैस, शेळी यांच्या जनुकांवर शिकवलेल्या संगणकाने कोंबडीचं एक जनुक, गाईच्या जनुकाशी मिळतंजुळतं म्हणून, ‘दूध तयार करणारं’ ठरवलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच जनुकावर तिने उमेदीची वर्षं घातली होती. ते अंड्याचं कवच घट्ट करतं, हे प्रयोगांनी सिद्ध केलं होतं. तिचे प्रयोग अहवालातून बेपत्ता होते. “सर, कोंबडी गाईच्या लांबच्या नात्यातली असेल, म्हणून तिला गोठ्यात बांधायची का?” “बाकी प्राण्यांत संगणक बरोबर निघालाय. तू एकटीच शहाणी? कर सही.” किटलीतून तिने चहा ओतला आणि कप नेमका सहीच्या जागेवर ठेवला. प्रमुखांनी कपात डोकावून पाहिलं. “कोरा? दूध कुठंय?” “थांबा ना सर,” ती म्हणाली, “कोंबडीची धार काढायला माणूस पाठवलाय.”