एक नाव राहिलं

तिच्या कोड एडिटरमध्ये चार टर्मिनल, म्हणजे कमांड द्यायच्या खिडक्या, उघडी होती. एक तिच्याच मशीनचं, बाकीची दूरच्या सर्व्हरची. त्यातला जुना सर्व्हर आज कायमचा बंद करायचा होता. "काम सेव्ह करून बाहेर पडा," असा निरोप तिने त्यावर लॉगिन असलेल्या सगळ्यांना पाठवला. एकेक जण बाहेर पडला. यादीतलं एक नाव मात्र हललं नाही.

"हा कोण चिकटून बसलाय?" शेजारी बसणाऱ्या नव्या सहकाऱ्याने विचारलं.

"माझा नवरा."

"मग फोन कर की त्याला."

"तो वारला. घरी त्याचा कॉम्प्युटर चालूच राहिलाय, इथे लॉगिन असलेला."

सहकाऱ्याने खुर्ची जवळ ओढली. "मी करू का बंद?"

"नको." तिने कमांड टाइप केली, त्याच्या लॉगिन सेशनचा नंबर पुन्हा ताडून पाहिला आणि एंटर दाबलं. नाव गेलं. तिला काहीच वाटलं नाही. ती पुढच्या टर्मिनलकडे वळली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. आवाज दबका, जणू शेजारी कुणी झोपलंय.

"अगं, मी त्याच्या खोलीत धूळ पुसत होते. कॉम्प्युटरवर आत्ता आपोआप इंग्रजीत काहीतरी उमटलं. काय म्हणतोय तो?"

पलीकडून संपर्क तोडला, एवढंच तिथे लिहिलेलं असणार, हे तिला ठाऊक होतं.

"काम संपलं म्हणतोय, आई."



"बरं," त्या म्हणाल्या. "मग तू तरी आज वेळेवर घरी ये."